ओटीपीची वाट बघताना गेलेली वीस मिनिटं: मोबाईलने खाल्लेलं लक्ष परत कसं आणायचं, स्टेप बाय स्टेप

मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते, लोकांची जीएसटी रिटर्न्स भरते. महिन्याची २० तारीख आली की आमच्याकडे लग्नघर असतं. रिटर्न फाईल करताना शेवटी ओटीपी लागतो आणि तो जातो क्लायंटच्या मोबाईलवर, मग क्लायंट मला तो व्हॉट्सॲपवर पाठवतो (ओटीपी कोणाला सांगू नका म्हणतात, आमचा धंदाच त्याच्यावर चालतो). तर मागच्या वर्षी एकदा असंच, क्लायंट म्हणाले मॅडम पाठवतो एक मिनिटात, म्हणून मी फोन हातात घेऊन बसले, तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर कोणाच्या तरी मुंजीचे फोटो, त्याखाली एक लिंक, लिंकमधून रील, रीलमधून दुसरं रील, एक बाई नाचणीची आंबोळी करत होती आणि मला आंबोळी करायचीही नव्हती. मान वर केली तर वीस मिनिटं गेलेली. ओटीपी आला होता, दहा मिनिटांत एक्स्पायर पण झाला होता, आणि क्लायंट तोवर जेवायला बसले होते.

त्या दिवशी मी स्वतःला आळशी वगैरे म्हणून घेतलं. नंतर हळूहळू कळलं की नुसतं मनावर घेऊन हे होत नाही, आपल्या भोवतीची मांडणी बदलावी लागते, आणि घरातल्या एकट्याने करून तर अजिबातच टिकत नाही. मी आठ-नऊ महिन्यांत जे जे केलं त्यातलं चाललेलं आणि फसलेलं दोन्ही लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशचं नऊ, हा फॉरवर्ड तुम्हाला पण आलाच असेल. २०१५ च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका रिपोर्टमुळे तो जगभर फिरला, पण त्या आकड्याचा माग काढायला गेलं तर मूळ संशोधन हाती लागतच नाही. आणि तीन तासांची मॅच बघताना कुठे जातात हो आठ सेकंद? खरं मोजमाप केलं ते कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अर्व्हाइन कॅम्पसमधल्या ग्लोरिया मार्क यांनी. ऑफिसात काम करणारे लोक कॉम्प्युटरवर एका स्क्रीनवर किती वेळ थांबतात ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, २०१२ च्या आसपास ७५ सेकंद, आणि नंतरच्या वर्षांत ४७ च्या आसपास. म्हणजे लक्ष संपलेलं नाही, त्याचे तुकडे झालेत. त्यांचंच आणखी एक निरीक्षण मला जास्त लागलं, की जवळजवळ निम्म्या वेळा आपल्याला दुसरं कोणी डिस्टर्ब करत नाही, आपणच आपल्याला करतो. फोन वाजलेला नसतो, हात मात्र जातो.

स्टेप १: आठवडाभर फक्त मोजा, काही बदलू नका

अँड्रॉइडवर सेटिंग्समध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, आयफोनवर स्क्रीन टाइम. त्यात किती तास हे दिसतं, पण तासांपेक्षा दिवसातून किती वेळा अनलॉक केला (आयफोनवर किती वेळा उचलला) तो आकडा बघा. तीन तास सलग पिक्चर बघणं वेगळं आणि तेच तीन तास दोन-दोन मिनिटांनी कुरतडणं वेगळं. माझा पहिल्या दिवशीचा आकडा १३८. मला वाटलं होतं चाळीस-पन्नास असेल.

हा आकडा रोज रात्री कागदावर लिहायचा, ॲपमध्ये नाही. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले, जिथे आम्ही दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत. महिनाअखेरीला नवऱ्याने दूधवाल्याचा हिशोब करताना माझे आकडे पण धरले आणि बिल काढलं ते बघून दूधवाला हसायला लागला, म्हणून सांगते, वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा.

आकड्याच्या बाजूला दोन शब्द अजून लिहायचे, फोन उचलला तेव्हा काय चालू होतं. माझे निघाले असे: ओटीपीची वाट, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, पोर्टल लोड होताना, सरांचा ओरडा खाल्ल्यावर, झोप येत नाही म्हणून. यात "कोणाशी बोलायचं होतं" असं एकदाच आलं. बाकी सगळ्या वाट बघायच्या आणि टाळायच्या जागा. तुमची यादी वेगळी असेल, पण ती नसेल तर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं आहे, त्यामुळे ही स्टेप गाळू नका.

स्टेप २: माणसांचा आवाज ठेवा, कंपन्यांचा बंद करा

सेटिंग्समध्ये नोटिफिकेशनला जा आणि एकेक ॲप बघत स्वतःला विचारा, इथून येणारी टिंग जिवंत माणसाने माझ्यासाठी पाठवलेली असते का? फोन कॉल हो, बँकेचा मेसेज माणसाचा नसला तरी कामाचा म्हणून हो, सेल लागला, अमुक तमुक लाईव्ह आले, तुम्ही बरेच दिवस आला नाहीत, हे नाही. अर्धा तास लागतो, एकदाच करायचं असतं.

व्हॉट्सॲप ग्रुपांचं अवघड असतं. माझ्याकडे सोसायटी, शाळेचा वर्ग, माहेर, सासर, भिशी, ऑफिस आणि दहावीची बॅच असे सात जिवंत ग्रुप होते. ग्रुप सोडला की लोकांना राग येतो, म्हणून सोडायचा नाही, आर्काइव्ह करायचा. आर्काइव्ह केलेला ग्रुप नवा मेसेज आला तरी आर्काइव्हमध्येच राहतो (चॅट सेटिंग्समध्ये "कीप चॅट्स आर्काइव्ह्ड" चालू आहे ना बघून घ्या), आणि कोणी नाव घेऊन टॅग केलं तर कळतं. मी शाळेचा ग्रुप वगळून बाकी सगळे आर्काइव्ह केले, दुपारी जेवणानंतर आणि रात्री नऊला बघते. आजपर्यंत एकदाच अडलं, टाकी धुणार म्हणून पाणी नसणार हे कळलं नाही. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय, पाण्याचं असेल तर बेल वाजवा.

स्टेप ३: न संपणारी पानं संपवा

हे नीट समजून घ्या कारण खरी मेख इथे आहे. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, खाली १, २, ३ असे आकडे असायचे, पुढचं पान बघायचं तर क्लिक करावं लागायचं. तेवढ्या वेळात माणूस म्हणायचा, चला उठू. २००६ मध्ये अझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने खाली सरकत राहा नि नवीन येत राहील अशी रचना काढली, पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. भारतात जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्येच इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. म्हणजे बंदीने सवय गेली नाही, घर बदललं. ते पण लॉकडाऊनमध्ये, सगळी पोरं घरात असताना.

आणि दहा रील्समधलं एखादंच मस्त निघतं ना, तेच तर आपल्याला धरून ठेवतं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते, दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला की कबुतर चोच मारायचं थांबतच नाही. आपल्याकडे मटका खेळणाऱ्याला विचारा, त्याला कबुतर लागणार नाही समजायला.

तर करायचं काय:

यूट्यूब ठेवा, पण वॉच हिस्टरी बंद करा. सेटिंग्समध्ये "मॅनेज ऑल हिस्टरी" आहे, तिथे जाऊन बंद करायची आणि जुनी पण पुसायची. २०२३ पासून असं आहे की हिस्टरी नसेल तर होम पेज जवळजवळ कोरं येतं, नुसती सर्चची पट्टी. मग हवं ते शोधायचं, बघायचं, बाहेर यायचं. ही एक गोष्ट केली तरी या लेखाचे पैसे वसूल (फुकट आहे, तरी).

इन्स्टाग्राम फोनमधून काढा, अकाउंट बंद करू नका. बघायचंच असेल तर ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्ड टाकून बघा, तेवढ्या कटकटीत निम्म्या वेळा मन बदलतं. ज्यांचं लोणच्या-मसाल्याचं, साड्यांचं काम त्यावरच चालतं त्यांना हे जमणार नाही, त्यांनी पोस्ट टाकायची वेळ ठरवून घ्यावी आणि टाकून झाली की बाहेर.

ते डेली लिमिट लावायचं मी करून बघितलं, माझ्यापुरतं ते फालतू आहे. पंधरा मिनिटं झाली की पाटी येते, तीवर आजच्यापुरतं सोडा असं बटण असतं, आणि आपण ते न वाचता दाबायला शिकतो. स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट करणं मात्र चाललं. अँड्रॉइडवर बेडटाइम मोडमध्ये ग्रेस्केल आहे, आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत कलर फिल्टर्स. राखाडी रंगाची आंबोळी कोण बघत बसणार!

स्टेप ४: फोनला घर द्या

टेक्सास युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना डोकं लागेल अशी कामं दिली, काहींचा फोन टेबलावर पालथा, काहींचा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीतवाल्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले त्यात सगळीकडे तोच निकाल आला असं नाही, पण माझ्या टेबलावर तरी फरक पडला.

घरात आता चार्जर हॉलमध्ये टीव्हीच्या शेल्फवर, बेडरूममध्ये एकही नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणलं, टिकटिक करतं, पहिले तीन दिवस नवऱ्याने उशीखाली दाबून ठेवलं होतं. रात्री कोणाची तब्येत बिघडली तर, म्हणून रिंग मोठी ठेवायची, हॉलमधून ऐकू येते.

ऑफिसात फोन ड्रॉवरमध्ये. आणि ओटीपीचं मी असं केलं, क्लायंटना सांगून टाकलं की व्हॉट्सॲप करू नका, फोन करून वाचून दाखवा. सुरुवातीला दोघांना वाटलं मॅडमचं नेट संपलंय. आता उलट पटकन होतं, सहा आकडे ऐकले, टाईप केले, फोन परत आत. पोर्टल लोड होताना काय करायचं हा प्रश्न उरतोच, मी खिडकीतून समोरच्या गॅरेजवाल्याकडे बघते. कंटाळा येतो. येऊ दे, मिनिटभराच्या कंटाळ्याने काही होत नाही, तो कंटाळा सहन न होणं हाच तर सगळा आजार आहे.

स्टेप ५: लक्षाला पुन्हा व्यायाम

फोन काढून ठेवला म्हणजे लगेच तासभर वाचता येईल असं नाही होत. मी उत्साहाने जाडजूड कादंबरी घेतली आणि दीड पानावर डुलकी. मग खाली आले. दहा मिनिटं, स्वयंपाकघरातला टायमर लावून (फोनचा नाही), पेपरातला एक लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. शेजारी चिठ्ठी आणि पेन. मध्ये आठवतं की गॅस बुक करायचाय, अमक्या नटाचं लग्न झालं का बघायचंय, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि वाचत राहायचं. टायमर वाजल्यावर चिठ्ठी बघितली की त्यातलं एखादंच काम खरं निघतं. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. मी आता पस्तीसवर आहे, चाळीसला अडकते.

कामाचं पण तसंच. इनव्हॉइस टाकताना एका क्लायंटचं पूर्ण करूनच उठायचं. पूर्वी मध्ये फोन बघून आले की ५४ चं ४५ टाकलेलं असायचं आणि ते शोधण्यात संध्याकाळ जायची.

ज्यांना जोरदार प्रयोग करायचा असेल त्यांनी दोन आठवडे मोबाईल डेटा आणि वायफाय फोनवर बंद ठेवून बघा, कॉल आणि एसएमएस चालू, इंटरनेट लागलंच तर कॉम्प्युटरवर. २०२५ मध्ये अशाच एका अभ्यासाचे निष्कर्ष आले, ४६७ लोक होते, आणि लक्ष टिकवण्याच्या चाचणीत दहा वर्षांनी तरुण माणसाइतका फरक दिसला. सगळ्यांना ते पूर्ण पाळता आलं नाही, तरी. मला चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी भाजीवाल्याकडे सुट्टे नव्हते.

स्टेप ६: घराला भोंगा लावा

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी पोरांच्या हातात मोबाईल आले, शाळा सुरू झाल्या तरी ते सुटेनात, तेव्हा गावाने ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, साडेआठला दुसरा भोंगा की झालं. नुसता ठराव करून थांबले नाहीत, सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे लोक, रिटायर्ड शिक्षक घरोघरी जाऊन सांगत होते. यातली हुशारी माझ्या मते ही, की आई पोराला "ठेव तो फोन" म्हणत नाही, भोंगा म्हणतो. आणि आई-बापाचा पण बंद असतो. शेजारच्याच्या घरात सिरीयल चालू नसते, त्यामुळे आपलं काही चुकतंय असंही वाटत नाही.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, देऊळ नाही, म्हणून साडेसात ते नऊ ठरवलं. पहिल्या आठवड्यात पूर्ण फसलं. पोरगा आठवीत आहे, तो म्हणाला, "बाबांचा फोन चालू आहे." नवरा म्हणाला, "माझं ऑफिसचं आहे." पोरगा म्हणाला, "माझं पण शाळेचंच होतं." आता यावर काय बोलणार, मुकाट्याने नियम बदलला: ज्याला खरंच अर्जंट असेल त्याने उभं राहून, शेल्फजवळच बोलायचं, बसायचं नाही. नवऱ्याची अर्जंट कामं दोन दिवसांत कमी झाली.

सासूबाईंचं वेगळं होतं. त्या दिवसभर कीर्तनं आणि भविष्य बघतात, कानाला लावून. मी म्हटलं, आई, तुम्ही पण ठेवा ना साडेसातला. त्या म्हणाल्या, "ठेवते की. काढून घेऊन देणार काय मला त्या वेळात?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही सगळे सकाळी जाता आणि हा डबा माझ्याशी बोलतो, असं पण म्हणाल्या. वयस्कर माणसांचा फोन हिसकावून घेऊ नका, तिथे आधी माणूस ठेवा, मग फोन आपोआप बाजूला होतो. आमच्याकडे आता साडेसातला लसूण सोलणं, शेंगा फोडणं आणि पत्ते असतात. पत्त्यांत त्या चीटिंग करतात. आणि साडेसात वाजले हे ओरडायचं काम त्यांनीच घेतलंय, भोंग्यापेक्षा वाईट.

स्टेप ७: फॉरवर्डच्या आधी हात थांबवा

लक्षाचे तुकडे झाले म्हणजे माझं एक रिटर्न उशिरा जातं इतकंच नाही. अर्धवट लक्षाने वाचायचं आणि अंगठ्याने पुढे ढकलायचं, याची किंमत आपल्या राज्याने बघितली आहे. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे पाच जण जमावाने ठेचून मारले. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना वाटलं असणार, काळजीपोटी करतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. २०२० पासून डबल बाण असलेला, म्हणजे खूपदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो.

माझा नियम साधा आहे. डबल बाण दिसला की पुढे नाही, काय वाट्टेल ते असो. एकदा वाचून राग आला किंवा भीती वाटली तर रात्रीपर्यंत थांबायचं, रात्री तो मेसेज आपल्यालाच आठवत नाही. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून बघायचा, बऱ्याचदा दुसऱ्याच राज्यातला, चार वर्षांपूर्वीचा निघतो. आणि फॅमिली ग्रुपवर काकांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, माणूस हट्टाला पेटतो. मी फोन करते, आधी गुडघा कसाय विचारते, मग म्हणते काका तो व्हिडिओ जुना आहे हो. दोनदा त्यांनी स्वतः डिलीट केला.

अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी काही अर्थतज्ज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. रोजचा साधारण तास मोकळा झाला, लोक थोडे खूश होते, राजकारणावरून टोकाला जाणं कमी झालं, पण बातम्याही कमी कळायला लागल्या. हे शेवटचं लक्षात ठेवा. सोशल मीडिया कमी केलं तर बातम्यांसाठी दुसरी सोय हवी. आमच्याकडे पेपर परत चालू केला, सकाळी चहाबरोबर, सासूबाई आधी, मग मी.

स्टेप ८: घसरणार, ते धरूनच चाला

गणपती, आयपीएल, दहावीचा निकाल, कोणाचं आजारपण, आणि आमच्याकडे मार्च. या वेळी सगळं कोसळतं. माझा आकडा १३८ वरून ६० च्या आसपास आला होता, मार्चमध्ये परत ११२. तेव्हा सगळ्या स्टेप्स एकदम लावायला जाऊ नका, नुसतं मोजणं आणि चार्जर हॉलमध्ये, एवढं दोनच परत सुरू करा. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेच केलं. कालचा आकडा ७१. त्यातले निदान दहा तरी नुसती वेळ बघायला उचलला म्हणून, तेव्हा आता मनगटावर लग्नातलं जुनं घड्याळ काढलंय, त्याचा सेल तेवढा टाकून आणायचाय.